राणीछाप रुपया : घासलेला आहे का? मदत हवी आहे

आजीच्या डब्यातून 1900 चा राणीछाप रुपया मिळाला. एका बाजूला 'व्हिक्टोरिया एम्प्रेस', दुसरीकडे वेलबुट्टीत 'वन रुपी इंडिया'. वजन 11.6 ग्रॅम भरलं, म्हणजे ठीक (मूळ 11.66). ग्रेडिंगला (अस्सलपणा आणि स्थिती तपासून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवायचा विचार आहे, पण शंका एकच: हा कधी घासला गेलाय का? आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदी चिंच-रांगोळीने लख्ख करायची पद्धत, त्यामुळे भीती वाटते.

दिव्याखाली तिरका धरून फिरवला. कोऱ्या, न घासलेल्या नाण्यावर फिरते तशी चमक चक्रासारखी फिरत नाही, सगळीकडे सारखीच पांढरट दिसते. भिंगातून राणीच्या गालावर आणि मोकळ्या जागेत बारीक, एकाच दिशेच्या रेघा दिसतात. अक्षरांच्या खाचांत मात्र काळं तसंच आहे. वापरातल्या नाण्यावर ओरखडे कसेही, वेड्यावाकड्या दिशांनी असतात ना? मग या समांतर रेघा घासण्याच्याच का?

एनजीसीने (नाणी ग्रेड करणारी अमेरिकन कंपनी) 'क्लीन्ड', म्हणजे घासलेला, असं लिहून आकडी ग्रेडऐवजी नुसता 'डिटेल्स' शेरा दिला तर फी पाण्यात. जाणकारांनी सांगावं, पाठवू की राहू दे? आणि ते खाचांतलं काळं काढू नये, एवढं तरी बरोबर आहे ना? आई काल टूथपेस्ट घेऊन बसलीच होती.