बाबांचा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ६.२ आलाय, कॅन्सरच असेल का?

भटक्या: बाबांचं वय ६७, रात्री लघवीला सारखे उठतात, डॉक्टरांनी बोटाने तपासलं तर गाठ लागली नाही, तरी एमआरआय सांगितलाय, तो कशाला?

रातकिडा: अहो पीएसए नुसती प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढली किंवा इन्फेक्शन असलं तरी वाढतो. लघवीचा त्रास बहुतेकदा आतला भाग वाढल्याने, मूत्रनळी तिथूनच जाते ना. कॅन्सर मात्र साधारण ७० टक्के वेळा बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात होतो म्हणून बोटाने बघतात, पण पुढच्या बाजूची किंवा बारीक गाठ बोटाला लागतच नाही, म्हणून एमआरआय.

चष्मेवाला: +१, पण पक्कं निदान बायोप्सीनेच. लघवीचं इन्फेक्शन झालेलं का हल्ली? मग काही आठवड्यांनी पीएसए परत करतात.

भटक्या: हो, गेल्याच महिन्यात! विचारतो डॉक्टरांना.