मदत हवी आहे: भाऊजींचं दुसरं ऑपरेशन फुले योजनेत होईल का?

नागपुरात वाडीजवळ अमरावती रोडवर अज्ञात गाडीने भाऊजींच्या दुचाकीला उडवलं. मांडीच्या हाडात रॉड टाकला. आता गुडघ्याचं ऑपरेशन बाकी आहे. सध्याचं खासगी हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत (सरकारची मोफत उपचारांची योजना) नाही. ताईचे दागिने गहाण पडले, मेडिक्लेम नाही. केशरी रेशनकार्ड, आधार, एफआयआरची प्रत तयार आहे. पैसे मागत नाहीये, वाट हवी आहे.

हिट अँड रनमध्ये गंभीर जखमीला ५०,००० रुपये मिळतात, पण ते हातात कधी येतील कोण जाणे! ऑपरेशन आधी व्हायला हवं.

पहिलं ऑपरेशन बाहेर झालेल्या पेशंटला मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा मिहानच्या एम्सला योजनेत घेतात का? शिफ्ट करण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) कोणती कागदं दाखवायची?