मदत हवी आहे: बेंबीचा हर्निया + टमी टक एकत्र केलं तर मेडिक्लेम कितपत मिळतो?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था), क्लेम वगैरे विषयांतले जाणकार इथे बरेच आहेत म्हणून विचारते. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ३६. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझेरियन. धाकटा आता तीन वर्षांचा आहे. वजन बऱ्यापैकी उतरलं, पोट मात्र आत गेलं नाही. बसमध्ये अजूनही कुणीतरी उठून जागा देतं, आणि बसावं की खरं सांगावं हे मला कळत नाही. ते एक वेळ सोडा. खरा त्रास बेंबीचा आहे. खोकला आला किंवा भरलेली बादली उचलली की तिथे सुपारीएवढी गाठ वर येते, आडवं झालं की आत जाते. कंबर तर कायम धरलेली.

सर्जनना दाखवलं. त्यांनी झोपवून फक्त मान उचलायला सांगितली आणि पोटाच्या मध्यरेषेवर बोटं ठेवली. दोन स्नायूंच्या मधल्या फटीत त्यांची बोटं सहज रुतली. सोनोग्राफीत बेंबीचा हर्निया (डिफेक्ट २ सेंमी) आणि डायस्टॅसिस रेक्टाय, म्हणजे पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून साडेपाच सेंमी लांब. त्यांचं म्हणणं, नुसता हर्निया शिवला तर आजूबाजूची भिंत पातळच राहते आणि तो पुन्हा होण्याची शक्यता वाढते. म्हणून जाळी बसवायची, स्नायू जवळ आणून शिवायचे आणि त्याच वेळी प्लास्टिक सर्जन लोंबणारी कातडी काढतील. म्हणजे शेवटी टमी टकच झालं.

एस्टिमेट ३ लाख १० हजार, सगळं एकाच ओळीत. 'कातडीचे वेगळे किती?' असं विचारलं तर इन्शुरन्स डेस्कवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, सगळं हर्नियातच बसवू." मला ते काही पटलेलं नाही.

पॉलिसी दोन आहेत. आमची स्वतःची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच पॉलिसी) १० लाखांची, तिला पावणेदोन वर्षं होतील. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी ५ लाखांची. एजंट म्हणतो 'कॉस्मेटिक आहे, विसरा'. नणंद म्हणते 'तिच्या मैत्रिणीला सगळे पैसे मिळाले'. खरं काय?

टीपीएतला_जुना

ताई, एजंटही अर्धाच बरोबर आणि नणंदही.

पॉलिसीच्या पुस्तिकेत 'एक्सक्लुजन' प्रकरणात कोड ०८ शोधा. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये या वगळण्या प्रमाणित केल्या, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, मजकूर सारखाच सापडेल. शरीराचं रूप बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी देय नाही. अपवाद तीन: अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना. चौथी एक फट आहे. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग म्हणून केली असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं असेल, तर मिळू शकते. 'थेट आणि तातडीचा' हे शब्द नीट वाचा. कंबरदुखी त्यात बसवणं अवघड आहे. कपड्यांचा, फोटोंचा, लोकांच्या बोलण्याचा त्रास तर नाहीच.

हर्निया मात्र सरळ आजार आहे. त्याची दुरुस्ती देय, जाळी देय. कातडी काढणं आणि बेंबी नव्याने बसवणं हे तुमच्या खिशातून. मधला डायस्टॅसिस हा वादाचा भाग. त्यात हर्नियाची पिशवी नसते, म्हणून नुसता डायस्टॅसिस असेल तर बहुतेक कंपन्या 'कॉस्मेटिक' म्हणून परत पाठवतात. पण हर्निया त्याच मध्यरेषेवर असेल आणि सर्जनने लिहून दिलं की स्नायू जवळ आणल्याशिवाय ही दुरुस्ती टिकणार नाही, तर भांडायला जागा आहे. ते वाक्य सर्जनच्या लेटरहेडवर, ऑपरेशनच्या आधी लिहून घ्या. नंतर मिळालेल्या पत्राला क्लेम विभागात काय किंमत असते ते मी टेबलाच्या त्या बाजूला बसून बघितलंय.

आता मोठा मुद्दा. तुमच्या फ्लोटरला पावणेदोन वर्षं झालीत. हर्निया हा ठरावीक आजारांच्या यादीत असतो आणि त्याला बहुतेक पॉलिसींत २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो (नियमाने ३६ महिन्यांपर्यंत ठेवता येतो). तो संपायच्या आत क्लेम टाकला तर कॉस्मेटिकचा प्रश्न येण्याआधीच नकार येईल. ग्रुप पॉलिसीत हा कालावधी बऱ्याचदा माफ असतो. एचआरकडून पॉलिसीच्या अटींचं पूर्ण पुस्तक मागवा. ऑनबोर्डिंगला दाखवलेल्या रंगीत स्लाइड्स चालणार नाहीत.

अबोली_के

+१. शिवाय कंपनी पहिली शंका 'हे आधीपासूनचं आहे का' अशीच काढणार. डायस्टॅसिस किंवा हर्निया दुसऱ्या बाळंतपणाच्या डिस्चार्ज कार्डवर लिहिलेला आहे का, बघून ठेव. पॉलिसी घेण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेलं असेल किंवा डॉक्टरांनी उपचार सांगितले असतील, तर ते 'प्री-एक्झिस्टिंग' धरतात. आणि एकच आजार 'ठरावीक आजार' आणि 'प्री-एक्झिस्टिंग' अशा दोन्हींत बसला तर दोनपैकी जो कालावधी लांब तो लागू.

गोदाकाठची

@अबोली_के, दुसऱ्या डिस्चार्ज कार्डवर हर्नियाचं काही नाही. निदान यंदाच्या सोनोग्राफीतच. डायस्टॅसिसबद्दल त्या वेळी मॅडम तोंडी 'स्नायू सैल झालेत, व्यायाम करा' एवढंच म्हणाल्या होत्या. पण सिझेरियनमुळेच झालंय म्हणून मॅटर्निटीत ढकलतील का?

टीपीएतला_जुना

मॅटर्निटीची वगळणी बाळंतपण आणि त्याच्याशी थेट निगडित खर्चाची आहे. तीन वर्षांनी आढळलेला बेंबीचा हर्निया त्यात कोंबणं सहज जमणार नाही. क्वेरी मात्र येऊ शकते, विशेषतः डॉक्टरांनी हिस्टरीत 'बाळंतपणापासून' असं मोघम लिहिलं तर. गाठ पहिल्यांदा कधी दिसली ते खरं आणि नेमकं सांगा, तेवढंच लिहून घ्या.

भूलतज्ज्ञ_सांगली

विम्यातलं कळत नाही, ऑपरेशनबद्दल बोलतो.

गाठ आत जाते आहे तोवर तारीख ठरवायला अवधी आहे. एखाद्या दिवशी ती आत जायची थांबली, कडक झाली, दुखू लागली, वरची कातडी लाल पडली, उलट्या सुरू झाल्या, तर वेटिंग पिरियड, एचआर, हा धागा सगळं बाजूला ठेवून कॅज्युअल्टी गाठा. आतडं अडकलं तर हातात काही तासच असतात.

दुसरं, तिसरं मूल नको हे नक्की ठरलंय ना? पुढच्या गरोदरपणात शिवलेली मध्यरेषा परत ताणली जाते. प्लास्टिक सर्जन विचारतीलच, पण घरात आधी बोललेलं बरं. आणि वजन काही महिने स्थिर असलेलं हवं. 'ऑपरेशननंतर डाएट करीन' म्हणणारे पेशंट आम्हाला दर आठवड्याला भेटतात.

मुठेकाठी

माझा प्रश्न यातच विचारू का? बायकोची बॅरिएट्रिक (वजन कमी करायची) सर्जरी क्लेममध्ये झाली. आता पोटाची कातडी एप्रनसारखी लोंबते, घडीत पावसाळाभर बुरशी. ती काढायला पैसे मिळतील का?

टीपीएतला_जुना

@मुठेकाठी, बॅरिएट्रिकसाठी वेगळा कोड आहे, ०६. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त आणि जोडीला गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह असं काही, या अटींवर ती बसते. नंतरची कातडी त्या अटीत येत नाही, ती परत कोड ०८ मध्येच. त्वचारोगतज्ज्ञांकडचे कागद नीट ठेवले असतील, म्हणजे दरवेळची तारीख, लावायला दिलेलं औषध, फोटो, तर प्रयत्न करून बघा. खात्री देणार नाही.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत ह्या दोन गोष्टींना नावंच वेगळी आहेत. फक्त लोंबणारी कातडी काढली तर 'पॅनिक्युलेक्टॉमी', स्नायू शिवून बेंबी सरकवली की 'ॲब्डॉमिनोप्लास्टी'. पहिलीला इन्शुरन्स पैसे देऊ शकतं, दुसरीला जवळपास कधीच नाही. आणि पहिलीसाठीही कातडी जांघेपर्यंत येते याचे फोटो, पुरळावर काही महिने उपचार करून गुण आला नाही याच्या नोंदी, वजन स्थिर असल्याचा पुरावा, हे सगळं मागतात. भारतात कॉल सेंटरला फोन करून 'पॅनिक्युलेक्टॉमी कव्हर्ड आहे का' विचारू नका, गोंधळ वाढेल :-)

चाफा_वाडी

अवांतर वाटेल, पण माझ्या मावसबहिणीला स्तनाच्या कॅन्सरनंतर पोटाची कातडी-चरबी घेऊन नवा स्तन करून दिला. त्यात पोट टमी टकसारखंच शिवतात. तो क्लेम मंजूर झाला, कारण ती कॅन्सरनंतरची पुनर्रचना. लोकांच्या 'मैत्रिणीला सगळे पैसे मिळाले'मागे कधीकधी अशी वेगळीच गोष्ट असते.

गोदाकाठची

@चाफा_वाडी, नणंदेला विचारलं. मैत्रिणीचा अपघातानंतरचा मोठा हर्निया होता म्हणे. म्हणजे तिकडची बाब वेगळीच.

बाकी सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एचआरकडून पुस्तक आलं. 'ठरावीक आजारांचा प्रतीक्षा कालावधी माफ' असं स्पष्ट लिहिलंय, पण खोलीभाड्याला रोज ५००० ची मर्यादा आहे. आणि त्या डेस्कवाल्या मुलीचं काय करू? परवा परत तेच: 'डिस्चार्ज समरीत टमी टक लिहायचंच नाही'.

टीपीएतला_जुना

त्या मुलीला गोड बोलून टाळा आणि सर्जनशी थेट बोला.

बेंबीखाली जांघेपासून जांघेपर्यंतचा व्रण आणि दोन सेंमीच्या हर्नियाचं बिल, हे गणित तपासणाऱ्या डॉक्टरला एका नजरेत कळतं. ओटी नोट्समध्ये (ऑपरेशनच्या नोंदींत) प्लास्टिक सर्जनचं नाव असतं, काढलेल्या कातडीचं वजन असतं. खोटी माहिती देऊन क्लेम केला असं ठरलं तर देय असलेला हर्नियाचा भागही जातो आणि पॉलिसी रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, असा नियम आहे. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते संरक्षण नाही. आणि नोकरीत खोटा क्लेम उघडकीला आला तर तुमच्या यजमानांना उत्तर द्यावं लागेल, डेस्कवरच्या मुलीला नाही.

दोन एस्टिमेट मागा. एकात हर्निया, जाळी, जनरल सर्जनची फी. दुसऱ्यात टमी टक, प्लास्टिक सर्जनची फी, पोटपट्टा, जास्तीचा मुक्काम. ओटी आणि भूल सामाईक आहे, तिथे 'नुसता हर्निया केला असता तर किती' हा आकडा हॉस्पिटलकडून लिहून घ्या. नाहीतर टीपीए आपल्या मनाने कापेल, आणि कापताना कुणी हात आखडता घेत नाही. प्रीऑथच्या (दाखल होण्याआधीच्या मंजुरीच्या) अर्जातच लिहा की दोन्ही प्रक्रिया एका बैठकीत आहेत आणि क्लेम पहिलीपुरताच आहे.

खोली ५००० च्या आतलीच घ्या. वरची घेतली तर फक्त फरक भरून सुटका होत नाही. बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ओटी वगैरे त्याच प्रमाणात कापतात.

अबोली_के

कॅशलेसची मंजुरी आता तासाभरात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची असा आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाचा नियम आहे. उशीर केला तर तोंडावर सांगायचा. आणि पूर्ण नाकारलं तर कारण पॉलिसीच्या कलमासकट लेखी मागायचं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, हवं तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' तक्रार पोर्टलवरून. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे.

गोदाकाठची

सर्जनशी बोलले. ते म्हणाले, "मी कधीच एकत्र लिहीत नाही, तुम्ही डेस्कवर विचारलंत म्हणून घोळ झाला." दोन वेगळी एस्टिमेट मिळाली: हर्निया १ लाख ३५ हजार, बाकी १ लाख ७५ हजार. स्नायू शिवण्याचं त्यांनी पहिल्यात धरलंय आणि कारण लिहून दिलंय. प्रीऑथ सोमवारी जाईल.

एकच शंका उरली. पहिल्यातला स्नायूंचा भाग टीपीएने कापला तर तेवढ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

टीपीएतला_जुना

नको. कमी रकमेची मंजुरी आली तरी दाखल व्हा, फरक भरा, पावती स्वतःच्या नावाने घ्या आणि घरी आल्यावर सर्जनचं पत्र जोडून उरलेल्या रकमेची फेरतपासणी मागा. ओटी नोट्सची प्रत डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या, नंतर रेकॉर्ड रूममधून निघायला वेळ लागतो.