गिरणी गेली, जागा बदलली: सातारा-सांगलीकरांनो, घरातली आठवण लिहा

गेल्या महिन्यात करी रोडला उतरलो आणि चुलते कामाला होते ती कापडगिरणी शोधत गेलो. फाटक सापडलं नाही. चिमणी दिसली, काचेच्या दोन उंच इमारतींच्या मधे. खालच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "इथं गिरणी होती? मला नाही माहीत." पोरगा विशीतला, त्याचा काय दोष? पण परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत डोळा लागला नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वाडीवाडीतलं कुणी ना कुणी लालबाग-परळला होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले किती ट्रंक घेऊन घाट चढून आले! ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडून ऐकलेलं इथे लिहा. मुंबईचंच हवं असं नाही, आपल्याकडच्या ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी, माधवनगर इथल्या कारखान्यांचंही येऊ द्या. फक्त स्वतः पाहिलेलं किंवा घरात ऐकलेलं असावं.

मेढ्याजवळून, जावळी

वडील साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. काळाचौकीला गावची खोली होती. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यावर टेकवलेला देव. जेवण खानावळवाल्या मावशीकडे. गावाकडची चिठ्ठी आली की ज्याला वाचता येई तो सगळ्यांची वाचायचा.

वडील आजही मोठ्यानं बोलतात. नवी सून आली तेव्हा तिला वाटलं, मामंजी रागावलेत. साच्यांच्या खडखडाटात कान गेलेत त्यांचे, समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. एकदा मी विचारलं, धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो त्यात, सूत कसं ओवायचे? त्यांनी मूठ तोंडाशी धरली, ओठ आवळले आणि जोरात श्वास ओढला. धोट्याच्या भोकातून सूत असं तोंडानं ओढून घ्यायचं, सुताची कांडी संपली की पुन्हा. कापसाची धूळ त्याच श्वासाबरोबर छातीत जायची. त्यांचा खोकला कुठला, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

संपात वर्षभर तिथंच थांबले. मग आले ते कायमचे. गिरणीनं हिशेब दिला तो सहा खेपा घातल्यावर, आणि तोही अर्धामुर्धा. संप मागे घेतल्याचं कुणी रीतसर जाहीर केलंच नाही, म्हणून वडील अजून म्हणतात, "आमचा संप चालू हाय."

खटावचा, नोकरी लोअर परळला

माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. आजोबा शेजारच्याच गिरणीत त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. जागा कशा गेल्या हे थोडं लिहितो, कारण गावाकडं सगळे "मालकानं विकली" एवढंच म्हणतात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात ५८ वा नियम होता. त्यानुसार गिरणीच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ साली नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची राहिली नाही, फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. गिरणीच्या आवारात शेड सोडून मोकळं असं कितीसं असणार! सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये हा बदल ग्राह्य धरला. पिढ्या राबल्या त्या जमिनीवर मैदान नाही, दवाखाना नाही, याचा राग मला रोज लिफ्टमध्ये येतो.

आमच्या जेवणाच्या खोलीत बिडाचा एक जुना खांब रंगवून ठेवलाय. आजोबांना फोटो दाखवला. म्हणाले, "याला टेकून डबा खायचो आम्ही."

ओगलेवाडी, कराड

माझे आजे-सासरे ओगल्यांच्या काच कारखान्यात भट्टीवर होते. कारखाना १९१६ चा, स्वदेशीच्या काळातला. प्रभाकर कंदील इथला, एके काळी घरोघरी हाच. सासूबाई सांगतात, भट्टीवरून माणूस घरी आला की आधी अंगणात बसायचा, अंगातली धग उतरल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. आमच्याकडे एक कंदील आहे. वात वरखाली करायची किल्ली अजून फिरते. राखेनं काच पुसायची, वातीचे दोन्ही कोपरे कात्रीनं किंचित उडवायचे, मग ज्योत गोल येते. हे सासूबाईंनी मला शिकवलं आणि लाइट गेली की मी करते. कराडला रेल्वेनं येणारा माणूस ओगलेवाडीतच उतरतो, पण कंदिलाचं गाव हे याची खूण त्याला स्टेशनबाहेर दिसायला हवी. एक भट्टी तरी राखायला हवी होती.

किर्लोस्करवाडी

आमच्याकडे कारखाना चालू आहे, म्हणून थोडक्यात. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि तिथे लोखंडी नांगर घडू लागले. आमच्या पणजोबांनी तो निवडुंग तोडलाय. तोडताना काटा गेलेलं बोट शेवटपर्यंत वाकडं होतं, एवढंच आजीकडून ऐकलंय.

पाटणहून

वर जावळीच्या दादांनी लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती नुसती मान हलवत होती. वडील २००४ साली गेले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायचा तेव्हा पुरावे मागितले. हजेरीचं कार्ड पुरात भिजून लगदा झालेलं. मी म्हटलं, आता काय होत नाही. आई चुलीपुढून उठली नाही, तिथूनच वडिलांचा तिकीट नंबर, खातं आणि जॉबरचं, म्हणजे मुकादमाचं नाव एका दमात सांगितलं. लग्न झाल्यापासून मनिऑर्डरीच्या कुपनावर वडील हेच लिहायचे म्हणे. मग फडताळातून डब्यात गुंडाळून ठेवलेली कुपनं काढली. एकशे चौदा निघाली.

अर्ज गेला. सोडतीत नाव अजून लागलेलं नाही. कुपनं परत त्याच डब्यात आहेत, कुणाला बघायची असतील तर घरी या.