मदत हवी आहे: लोड ट्रकला थांबायला जास्त अंतर का लागतं?

मंडळी, जरा डोकं चालवा. भाची नववीत आहे, गतीचे नियम चालू आहेत, आणि तिने मला पार कोंडीत पकडलंय. तिचं म्हणणं, थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले २ म्यू जी (म्यू म्हणजे टायर-रस्त्याचा घर्षणांक, जी म्हणजे गुरुत्व त्वरण), यात वस्तुमान येतच नाही, म्हणजे ताशी ६० किमीला म्यू ०.७ धरला तर कारही साधारण २० मीटरमध्ये थांबणार आणि २० टनी ट्रकही. मग बोरघाट उतरताना ट्रकचेच ब्रेक का फेल होतात?

घाटाचं मी सांगू शकतो, उतारावर नुसत्या ब्रेकवर उतरलं तर बहुतेक स्थितिज ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते, ती वजनावर अवलंबून आहेच, लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे अस्तर) तापले की पकड सुटते, म्हणून तर जुने ड्रायव्हर ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर म्हणतात (डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे वेगळेच नग). पण सपाट रस्त्यावर, ब्रेक थंड असतानाही ट्रकला जास्तच अंतर लागतं, ते कशामुळे? एअर ब्रेकला हवा पोचायला वेळ लागतो म्हणून, का ट्रकच्या टायरचं रबरच कडक, म्हणून म्यू कमी? का दोन्ही? कुणी मेकॅनिक किंवा फिजिक्सवाले असाल तर आकड्यांसकट सांगा ना प्लीज.