वडिलांच्या जुन्या डेस्कटॉपवर मोफत गाणी: मुक्तस्रोत ॲप सुचवा

नाशिकरोडकर
नमस्कार मंडळी. वडील नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. पहाटे साडेपाचला डेस्कटॉप लावून अभंग, नाट्यगीतं ऐकतात. ब्राउझरवर ऐन आलापात जाहिरात किंचाळते. माउस 'स्किप'पर्यंत नेताना त्यांचा हात थरथरतो, बघवत नाही. मशीन जुनं आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०. बजेट शून्य रुपये. हलकं, मुक्तस्रोत (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो), जाहिरातींशिवाय वाजणारं काही आहे का?

सातपूरकर
आधी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसते ती वेगवान डिस्क) टाका. मी एम. जी. रोडवरून २५६ जीबीची आणून लावली, तेव्हापासून मशीन चालू करून चहा ठेवायला जावं लागत नाही. ॲपचं नंतर बघू.

गोदाकाठ
न्यूक्लिअर हे ॲप घ्या. दोन वर्षं वापरतोय. यूट्यूब, बँडकॅम्प अशा ठिकाणांहून गाणं शोधून वाजवतं. खातं नको, जाहिरात नाही. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं.

कॉलेजरोड_८६
मी टाकलेलं न्यूक्लिअर इलेक्ट्रॉनवर बांधलेलं होतं, म्हणजे गाण्याच्या ॲपच्या पोटात अख्खं क्रोमियम ब्राउझर. आईच्या ४ जीबी लॅपटॉपवर टाकलं होतं. तिसऱ्या गाण्याला पंखा घोंघावायला लागला आणि चौथ्याला सगळंच अडकलं. शिवाय यूट्यूबने आतून काही बदललं की अशी ॲप्स अपडेट येईपर्यंत मुकी होतात.

गोदाकाठ
माझ्याकडे १६ जीबी आहे, कधी अडकलं नाही.

कॉलेजरोड_८६
त्यांच्याकडे ४ आहे ना पण!

पंचवटीचा
विष्णु दिगंबर पलुस्करांनी ज्या गावात आश्रम काढला, तिथे मॉनिटरमधल्या डबड्या स्पीकरवर नाट्यगीत ऐकवू नका हो. मी गेल्या दिवाळीत बरे स्पीकर घेतले, तेव्हा पहिल्यांदा तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू आल्या. चार-पाच हजारांत होतं काम.

नाशिकरोडकर
बजेट शून्य आहे, वर लिहिलंय.

इंदिरानगर_लिनक्स
विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर वडिलांना नेटवर सोडणं बरोबर नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, ४ जीबीत आरामात चालते, फुकट आहे. रिदमबॉक्स हा गाण्यांचा प्लेअर त्यात आधीच असतो. 'रेडिओ'मध्ये स्टेशनचा दुवा एकदा चिकटवला की पुढे नुसता डबल-क्लिक.

सातपूरकर
मिंट टाकणारच असाल तर एसएसडीवरच टाका.

द्वारकेवरून
यूट्यूबचं गाणं दुसऱ्या ॲपमधून ओढणं त्यांच्या नियमांत बसत नाही, हे कुणीच का बोलत नाही? आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. खूप जुन्या तबकड्यांवरचा हा हक्क संपलाय. गीत-संगीताचा हक्क मात्र वेगळा, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संग्रहाच्या साइटवर अशा तबकड्या ऐकायला मिळतात.

गोदाकाठ
साठ वर्षांचा हिशेब पहाटे साडेपाचला कोण करणार? न्यूक्लिअर टाका.

मखमलाबाद_नाका
व्हीएलसी हा मोफत प्लेअर घ्या. कंट्रोल-एन दाबा, दुवा चिकटवा, वाजलं. एकदा यादी सेव्ह करून तिचं आयकॉन डेस्कटॉपवर ठेवा. माझ्या दुकानात दिवसभर रेडिओच चालतो. १२८ केबीपीएस दर्जाच्या आवाजाला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. स्टेशनांचे दुवे रेडिओ-ब्राउझर या साइटवर मिळतील. ती लोकांनीच भरलेली सूची आहे, त्यामुळे काही दुवे मेलेले निघतात. आधी स्वतः वाजवून बघा, मगच वडिलांना द्या.

गंगापूररोड
+१ मिंट. आणि न्यूक्लिअर. आणि एसएसडी खरंच टाका.

नाशिकरोडकर
सगळ्यांचे आभार. न्यूक्लिअर टाकून बघितलं, अडकलं. मिंट पेन ड्राइव्हवरून दाखवलं तर बाबा म्हणाले, "माझा पडदा मला परत दे." मग कुणी न सुचवलेलं ऑडेशियस हे गाण्यांचं ॲप टाकलं. तेही मुक्तस्रोत आहे. त्यात विनॅम्प या विंडोजवरच्या जुन्या प्लेअरचं रूप लावता येतं आणि कीबोर्डच्या कळाही त्याच: एक्सने सुरू, सीने थांबा, व्हीने बंद, बीने पुढचं. बाबांनी पूर्वी विनॅम्पच वापरलेलं, त्यामुळे बोटं आपोआप तिथे गेली. माउसला हात लावावा लागत नाही.

आर्काइव्हवरच्या एमपीथ्री आणि दोन रेडिओ यादीत भरून दिले आहेत. आकाशवाणीचा एम३यू८ (थेट प्रसारणाचा एक प्रकार) दुवा त्यात वाजला नाही, तो व्हीएलसीत ठेवलाय. विंडोज १० चं म्हणणं पटलं, त्या मशीनवरून बँकेचं काम बंद केलंय. आज पहाटे जाग आली तेव्हा बाहेरच्या खोलीत अभंग सलग चालू होता आणि बाबा मागून हळूच म्हणत होते.

पंचवटीचा
छान झालं. स्पीकरचं मात्र बघाच.