स्टंप ग्राइंडरचे दात: धार लावायची की सरळ बदलायचे?

बुडखेबहाद्दर
मंडळी, माझं स्टंप ग्राइंडर, म्हणजे तोडलेल्या झाडाचा जमिनीत उरलेला बुडखा फिरत्या दातेरी चाकाने कुरतडणारं मशीन, मधल्या आकाराचं आणि जुन्या पद्धतीचं आहे. चाकाच्या दोन्ही अंगांना कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बोल्टांनी आवळलेला दात. काही सरळ, काही डावे, काही उजवे. अलीकडे काम फार रेंगाळतं. आधी चांगल्या ढलप्या उडायच्या, आता नुसता बारीक भुगा पडतो, लाकडाला जळका वास येतो आणि आडवं फिरवताना चाक कापायचं सोडून उड्या मारतं. दोन दातांची कार्बाइडची टोकं उडालेली होती, तेवढेच दात नवे टाकले, तर थरथर उलट वाढली. बाकीच्यांना घरी धार लावता येईल का, की सगळा संच बदलू? आणि हल्ली ते गोल, फिरवता येणारे दात मिळतात, त्यांच्यात खरंच काही दम आहे का?

पाना_हातोडी
आधी थरथरीचं. तुमचे जुने दात झिजून खुजे झालेत, नवे दोन त्यांच्यापेक्षा बाहेर आलेत. प्रत्येक फेऱ्यात पहिला आणि मोठा मार त्या दोघांनाच बसतो, बाकीचे मागून नुसते घासत येतात. असे एकटेदुकटे नवे दात टाकायचेच असतील तर चाकावर बरोबर समोरासमोरची जोडी बदला. आणि बाकीचे फारच उतरले असतील तर एक-दोन नवे टाकण्यात अर्थ नाही, तेच दोन पुन्हा आधी फुटतील.

आता दात बोथट का झाले ते. लोक म्हणतात लाकूड कडक होतं. लाकडाचं नाव उगाच खराब! कार्बाइडला लाकूड फारसं काही करत नाही, करते ती माती. कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने एकत्र धरलेले. वाळूतला क्वार्ट्झ त्या कणांपेक्षा मऊच असतो, पण तो मधला कोबाल्ट खरवडून काढतो आणि आधार गेला की कण सुटून पडतात. दगडाचं प्रकरण वेगळं. तिथे झीज नाही, सरळ टवका उडतो, कारण कार्बाइड जितकं कठीण तितकंच ठिसूळ. म्हणून मशीन लावायच्या आधी टिकाव-फावडं घेऊन बुडख्याभोवतीची माती मोकळी करा, मुळ्यांच्या बेचक्यांत अडकलेले गोटे काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दातांचं निम्मं आयुष्य त्यातच आहे असं माझं ठाम मत आहे.

धार लावायची की फेकायचं, हे दात हातात घेतल्याशिवाय ठरत नाही. तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, उजेडात तिरका धरा आणि भिंगातून कड बघा. धार शाबूत असेल तर कड डोळ्याला दिसतच नाही. बोथट असेल तर तिच्यावर चकचकीत रेघ चमकते. जितकी रुंद रेघ, तितका दात बोथट. नुसता गोलावलेला असेल किंवा टवका लहान असेल तर खुशाल धार लावा. पण कार्बाइड आणि स्टील जिथे डाग देऊन जोडलंय त्या सांध्यात काळी चीर दिसली, किंवा टोकाच्या खालचं स्टील मातीने खाऊन पोकळ झालं असेल, तर तो दात भंगारात टाका. आधार गेलेलं टोक उडणारच, आज नाही तर उद्या.

धार लावताना लोक एकाच दगडावर सगळं उरकतात आणि मग दगडाला शिव्या घालतात. मागचं स्टील आधी साध्या तपकिरी दगडावर थोडं उतरवून घ्या, म्हणजे कार्बाइड एकटं पुढे राहील. मग कार्बाइडला डायमंड व्हील किंवा हिरवा दगड, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा. तपकिरी दगड कार्बाइडला लागत नाही, नुसता तापवतो. आणि डायमंड व्हील स्टीलवर दाबलं की ते भरून जातं नि वाया जातं. हलक्या हाताने, थांबत थांबत काम करा. दात तापला म्हणून पाण्यात बुडवू नका, कार्बाइडला बारीक तडे जातात आणि ते कामावर गेल्यावरच कळतं. तसाच हवेत निवू द्या. जोडाचा डाग साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सियसला वितळतो, त्यामुळे लालसर होईपर्यंत तापवलंत तर सांध्यावर भरवसा ठेवू नका. नवा एक दात नमुन्याला बाजूला ठेवा आणि कोन त्याच्यावरूनच घ्या, अंदाजाने नको. तोंडाला नीट बसणारा धूळरोधक मास्क हवाच. कोबाल्टची धूळ फुफ्फुसांना वाईट, रुमाल बांधून भागत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. डावे-उजवे, म्हणजे सगळ्यात बाहेरचे दात. चाकाला आणि कप्प्यांना जायला पुरेशी रुंद वाट हेच करून देतात. ते झिजले की वाट अरुंद होते आणि कप्प्यांची अंगं लाकडावर घासायला लागतात. जळका वास बहुतेक तिथूनच येतोय.

गोलदाते
पाना_हातोडीभाऊंचं बाकी सगळं मान्य, पण गोल दातांबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत! मी तर परत चौकोनी दांड्याच्या जुन्या दातांकडे जाणार नाही. एका बाजूची धार गेली की बोल्ट सैल करायचा, दात एक तृतीयांश फिरवायचा, परत आवळायचा. एका दातात तीन धारा. शिवाय दात एकच, डाव्या-उजव्याचा भेद कप्प्यात असतो, म्हणून पिशवीत एकाच जातीचे दात ठेवले की झालं. दगड लागून एका बाजूचा टवका गेला तरी बाकीची कड वापरता येते. फक्त फिरवताना बैठक पुसून घ्या. खाली भुसा राहिला तर दात तिरका बसतो आणि पहिल्याच बुडख्यात सैल होतो.

पाना_हातोडी
गोल दात वाईट आहेत असं मी कुठे म्हटलं? पण त्यांना त्यांचेच कप्पे लागतात, आणि ते या जुन्या चाकाच्या भोकांना बसतात का हे आधी बघावं लागेल. संच बदलायचाच असेल आणि कप्पेही झिजले असतील, तर तेव्हा विचार करणं शहाणपणाचं. नुसते दात गेलेत म्हणून चांगले कप्पे काढून टाकायला माझं मन होत नाही. आणि फिरवता येतो म्हणून लोक गोल दात बोथट होऊनही महिनोन्‌महिने फिरवत नाहीत, हेही सांगून टाकतो.

शांत_चाक
दोघांनी सगळं सांगितलं, मूळचं राहिलं. चाकाला हात लावायच्या आधी इंजिन बंद, चाक पूर्ण थांबू द्या (ते बराच वेळ नुसतं फिरत राहतं), पेट्रोलचं असेल तर प्लगची वायर काढा, डिझेलचं असेल तर किल्ली खिशात आणि बॅटरीची तार सुटी. मग लाकडाची पाचर मारून चाक अडकवा. पाना सटकला की हात सरळ शेजारच्या दातावर जातो, जाड हातमोजे घाला.

बुडखेबहाद्दर
सगळ्यांचे आभार. सगळे दात काढून पाहिले. सरळ दातांवर ती चमकणारी रेघ आहे, पण सांधे ठीक दिसतायत, त्यांना धार लावतो. बाहेरचे मात्र पार गेलेत, आणि कप्प्यांच्या अंगावर घासून घासून आरसा झालाय. एका कप्प्याचं बोल्टचं भोक लांबट झालंय. वेल्डिंगने भरून पुन्हा ड्रिल मारू का?

पाना_हातोडी
नको राव. जोरात फिरणारं चाक आहे, तिथे भरलेल्या भोकाचा भरवसा धरू नका. तो कप्पा आणि त्याच्या समोरचा, दोन्ही बदला. डावे-उजवे दात नवे घ्या, बोल्टही नवेच, जुने ताणलेले असतात. आटे ब्रशने साफ करा आणि मशीनच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे आवळायच्या जोराला, टॉर्क पान्यानेच आवळा, इम्पॅक्ट गनने शेवटचा पीळ नको. पहिला बुडखा झाला की सगळे बोल्ट एकदा परत तपासा, थोडे तरी सैल झालेले सापडतील. आणि चाक वरून सरळ खोल घुसवू नका. कडेपासून सुरुवात करा, तुमच्या मशीनला एका फेरीत अर्धा ते एक इंच पुरे. ढलप्या परत दिसायला लागल्या की कळवा.